मुंबई सोडताना, तळवलीत घर पाहताना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळे आणि घणसोली या दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात तळवली हे जुने आगरी-कोळी वस्तीचे गाव आहे. आज त्याच्या एका अंगाला सिडकोने आखलेले सेक्टर आहेत, रुंद रस्ते आणि सोसायट्यांची फाटके आहेत. दुसऱ्या अंगाला गावठाणाच्या अरुंद गल्ल्या आहेत आणि त्यांत एकमेकींना चिकटून उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती. लालबाग, परळ, करी रोड, गिरगाव इथल्या खोलीतून बाहेर पडू पाहणारे कुटुंब जेव्हा एजंटला आपले बजेट सांगते आणि ते वाशीला किंवा ऐरोलीला पुरत नाही, तेव्हा एजंट त्याला इथे आणतो. वन बीएचके, लिफ्ट, चोवीस तास पाणी, स्टेशन जवळ. शिवाय भाडे नोडमधल्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या भागातल्या, घरापेक्षा कमी. विकत घ्यायचे असेल तर किमतीतला फरक डोळ्यांत भरणारा असतो.

अशा वेळी त्या कुटुंबापुढे एक नव्हे, दोन प्रश्न असतात. मुंबई सोडावी का, हा एक. सोडलीच तर कोणत्या घरात, कोणत्या कागदावर जावे, हा दुसरा. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न एकाच रविवारी, एकाच फ्लॅटच्या दारात उभे राहून सोडवले जातात. समोरचे घर स्वस्त आणि ऐसपैस दिसते, म्हणून शहर सोडण्याचा निर्णय होऊन जातो. किंवा त्या इमारतीच्या कागदांत खोट निघते, म्हणून मुंबई सोडण्याचा विचारच मोडीत निघतो. हे दोन निर्णय वेगळे तपासावेत, असे माझे म्हणणे आहे. कारण दोहोंत लाभ वेगळे आहेत, धोके वेगळे आहेत आणि धोका सोसणारी माणसेही वेगळी आहेत.

मुंबई सोडण्याच्या बाजूने पहिली गोष्ट अशी, की हे स्थलांतर म्हणजे कुणाचा पराभव नव्हे. ते योजलेलेच होते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमण्यात आली. बेटावरची गर्दी खाडीपार जावी हाच हेतू होता, आणि तशी ती गेलीही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दशकात नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली वस्ती सुमारे सात लाखांवरून ११ लाख २० हजारांपर्यंत गेली. तेव्हा आज लालबागहून घणसोलीकडे निघालेले घर एका मोठ्या प्रवाहाचाच भाग आहे.

मात्र त्या योजनेचा अर्धाच भाग अमलात आला, हेही तितकेच खरे. नव्या शहरात घरांबरोबर राज्य सरकारची कार्यालये जावीत, म्हणजे रोजगारही सरकेल, अशी योजनाकारांची अपेक्षा होती. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. माणसे खाडीपार गेली, नोकरी अलीकडेच राहिली, आणि मधले अंतर ज्याचे त्याने रोज लोकलमध्ये उभे राहून भरून काढले.

घरातल्या जागेचा मुद्दा सर्वांत उघड आहे, त्यामुळे तो थोडक्यात. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तीन पिढ्या राहिल्या, मुले कॉमन गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करून पदवीधर झाली, हे अभिमानाने सांगितले जाते आणि तो अभिमान खोटा नाही. पण सुनेला कपडे बदलायला आडोसा नव्हता आणि आजारी सासऱ्यांना रात्री संडाससाठी गॅलरीच्या टोकापर्यंत धरून न्यावे लागे, हेही त्याच खोलीचे वास्तव आहे. शिवाय जुन्या इमारतींची भीती कल्पित नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. अशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला ‘आपला एरिया सोडू नका’ असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही.

दुसरीकडे, ज्याला आपण सवयीचे शहर म्हणतो ते केवळ आठवणींचे गाठोडे नसते. त्यात रोकड असते. हा भाग हिशेबाच्या वहीत येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. लालबाग-परळ पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कमावणारी बाई नोकरीवर जात नाही. ती पोळ्या करून देते, डबे देते, ब्लाउज शिवते, मिरची-मसाल्याच्या हंगामात भाजणी आणि कांडपाच्या ऑर्डरी घेते, दोन नोकरदार जोडप्यांची मुले संध्याकाळपर्यंत सांभाळते. तिचे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर असते. तिची उधारी तोंडी असते. तिच्या कामाची जाहिरात वीस वर्षांच्या शेजारातून आपोआप झालेली असते. हे सगळे टेम्पोत चढवून खाडीपलीकडे नेता येत नाही. घरातला पुरुष नोकरीला आहे तिथे त्याची नोकरी टिकते, फक्त प्रवास वाढतो. तिची मात्र नोकरीच जाते. कुटुंबाच्या बैठकीत हा तोटा बहुधा मोजला जात नाही, कारण तिची कमाई ‘घरखर्चाला हातभार’ या नावाखाली नोंदलेली असते. तळवलीतही पोळी-भाजीची गरज असणारे लोक आहेत, कदाचित जास्तच आहेत. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात आयटी कंपन्यांत काम करणारी, घर भाड्याने घेऊन राहणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला तिला पुन्हा दोन-तीन वर्षे लागतील. ती वर्षे निघतील एवढी शिल्लक घरात आहे का, हा प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

वृद्धांचेही असेच. केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर असणे याचा अर्थ ज्याला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत त्यालाच कळतो. कोणत्या ओपीडीला कधी नंबर लावायचा, औषधे कुठे स्वस्त मिळतात, हे ज्ञान त्याने आयुष्य घालवून मिळवलेले असते. उलटपक्षी, चार मजले चढून जायला लागणाऱ्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत गुडघे गेलेला माणूस महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. त्याला जवळचे रुग्णालय आणि ओळखीचा कट्टा असूनही नसल्यासारखेच. लिफ्टच्या घरात आल्यावर निदान तो रोज संध्याकाळी खाली तरी येतो. म्हणून ‘म्हाताऱ्यांसाठी मुंबईच बरी’ हे विधान सरसकट करता येत नाही. कोणता म्हातारा, कोणता मजला, हे पाहावे लागते.

प्रवासाचा प्रश्न जो तो आपल्या नोकरीच्या जागेवरून सोडवील. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली आणि ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये. त्याआधी तळवलीसारख्या गावातून मुंबईला रोज जाणे-येणे ही शिक्षाच असावी. आज घणसोली किंवा रबाळेहून ठाण्याला गाडी बदलून मध्य रेल्वे पकडता येते, आणि वाशी-सानपाड्याच्या बाजूने हार्बर. ज्याची नोकरी ठाणे, मुलुंड, ऐरोली, महापे किंवा टीटीसीच्या (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात आहे, त्याला तळवली मुंबईपेक्षा सोयीची. ज्याची नोकरी फोर्टात आहे त्याला मात्र ठाण्याला सकाळी साडेआठला फलाट बदलून भरलेल्या गाडीत शिरायचे आहे, आणि तिथे शिरणे म्हणजे काय हे ९ जून २०२५ च्या मुंब्र्याच्या दुर्घटनेने पुन्हा दाखवून दिले. दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली आणि जिवाला मुकली. घर मोठे झाल्याचा आनंद रोजच्या तीन तासांच्या प्रवासात किती उरतो, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे मोजावे. ठाणे-वाशी मार्गावर आधी महिनाभर ये-जा करून पाहणे कुणालाही परवडण्यासारखे आहे.

मुंबईतली जुनी खोली पागडीची असेल, तर आणखी एक बाजू पुढे येते आणि ती कायद्याची आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आहे आणि भाडेकरूला भक्कम संरक्षणही दिले आहे. मात्र हे संरक्षण तिथे राहणाऱ्याचे आहे. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर तेवढ्या कारणावरून मालक ताबा मागू शकतो. मालकाच्या परवानगीशिवाय ती जागा दुसऱ्याला पोटभाड्याने दिली, तर तेही ताबा जाण्याचे कारण ठरते. खोलीला कुलूप लावून तळवलीत राहायला गेलेल्या कुटुंबाने हा हिशेब आधी केलेला बरा. उद्या इमारत पुनर्विकासाला गेली तर त्याच खोलीच्या हक्कावर मालकीचा फ्लॅट मिळायचा असतो. या आशेवर लोक वर्षानुवर्षे गळक्या छपराखाली राहतात, असे म्हणून नाक मुरडणारे आहेत. पण ती आशा निराधार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात, त्याच वरळीत, मालकीने. जे थांबले त्यांचे थांबणे सार्थकी लागले.

तथापि सगळ्यांचे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. गिरण्यांच्या जमिनीवर मिळणाऱ्या घरांची वाट पाहत त्यांतले कितीतरी गेले आणि आता वारस रांगेत आहेत. त्यांना शेलू आणि वांगणी इथली घरे देऊ करण्यात आली, तेव्हा घर मुंबईतच हवे या मागणीसाठी कामगार आणि वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात जमले. त्यांच्या मागणीत न्याय आहे, कारण हे शहर त्यांच्या श्रमांवर उभे राहिले. पण ज्या वारसाचे वय आज पंचावन्न आहे आणि जो डोंबिवलीत भाड्याने राहतो, त्याने आणखी किती थांबायचे, या प्रश्नाला घोषणेत उत्तर नाही. दोन्ही भूमिका घेणारी माणसे एकाच घरात असू शकतात आणि दोघेही चूक नसतात.

इथवरच्या तुलनेत माझा कौल सावधपणे का होईना, पण जाण्याच्या बाजूला झुकतो. अट दोन गोष्टींची. घरातल्या बाईच्या कमाईचा आणि वृद्धाच्या औषधपाण्याचा हिशेब मांडून झालेला असावा, आणि जुन्या खोलीवरचा हक्क निष्काळजीपणे सोडलेला नसावा. वाढत्या मुलांना दार लावून अभ्यास करता येईल अशी जागा मिळणे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दुसऱ्या प्रश्नात मात्र माझे मत इतके मवाळ नाही.

तळवलीच्या गावठाणातली इमारत ‘अनधिकृत’ आहे असे एका शब्दात म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी घटली. त्या बदल्यात मिळालेला मोबदला अपुरा होता, म्हणूनच जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पण भूखंड हातात पडायला पुष्कळांना वर्षे लागली, आणि दरम्यान कुटुंबे वाढली तरी गावठाणाच्या हद्दी वाढल्या नाहीत. तीन भावांची तीन बिऱ्हाडे झाली की त्यांनी घर उभे वाढवले, वरचे मजले भाड्याने दिले आणि त्या भाड्यावर पोट भरले. इथे यांना ‘गरजेपोटी केलेली बांधकामे’ म्हणतात. शेत गेलेल्या माणसाला भाडे हे शेताच्या जागी आलेले पीक आहे. ही बाजू समजून न घेता केवळ नकाशा पुढे करणारा माणूस निम्मेच पाहतो.

भाड्याने राहणाऱ्यालाही गावठाण काही गोष्टी देते, ज्या सोसायटी देत नाही. डिपॉझिट कमी असते. घरमालक खालच्याच मजल्यावर राहतो, नळ गळाला तर संध्याकाळी हाक मारता येते. लग्न झाले आहे का, मूळ गाव कोणते, घरात काय शिजते, याच्या चौकशा होत नाहीत. मुलुंडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून जागा नाकारल्याचे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. ते ऐरोलीच्या पुलापलीकडे, इथून काही किलोमीटरवर घडले होते. तळवलीच्या गल्लीत दुपारी सुक्या बोंबलाचा वास आला तर तो मालकाच्याच घरातून येत असतो. आपल्या ताटात काय आहे याची भीती न बाळगता राहता येणे, हे ज्यांना दारोदार नकार मिळाला आहे त्यांच्यासाठी लहान सुख नाही.

या सगळ्याच्या समोर दिघा उभे आहे. ठाण्याकडून येताना नवी मुंबईतले ते पहिलेच गाव. तिथल्या ९९ अनधिकृत इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये पाडकाम सुरू झाले. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून तिथे घरे घेतली होती, त्या कुटुंबांवर रस्त्यावर यायची वेळ आली. घरपट्टीची पावती होती, विजेचे बिल नावावर होते, नळाला पाणी होते, म्हणजे घर पक्के, अशी त्यांची समजूत होती. आजही तळवलीसारख्या ठिकाणी विक्रेता हेच तीन कागद पुढे करतो. मालमत्ता कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, आणि वीजजोडणी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नव्हे. एवढी एक गोष्ट प्रत्येक घर घेणाऱ्याला कळली, तरी पुढचे बरेच अश्रू टळतील. धोका केवळ कायद्याचाही नाही. एप्रिल २०१३ मध्ये डोंगरापलीकडे शीळ फाट्याला घाईघाईने उभारलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. प्रत्येक गावठाणातली इमारत अशी आहे असे मुळीच नाही. स्वतःच्या कुटुंबासाठी मालकाने बांधलेली आणि तो स्वतः राहत असलेली इमारत वेगळी. गावकऱ्याकडून जागा घेऊन बाहेरच्या बिल्डरने विक्रीसाठी चढवलेली वेगळी. पण आराखडा कुणी तपासला नसेल, तर हा फरक बाहेरून पाहणाऱ्याला कळायचा कसा?

नियमित होईलच, असा दिलासा इथे नेहमी दिला जातो. त्यालाही आधार आहे. राज्याने २०१७ मध्ये नगररचना कायद्यात बदल करून २०१५ अखेरपर्यंतची काही बांधकामे अटींवर नियमित करण्याची वाट खुली केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या मूळ गावठाणांच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची बांधकामे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. मात्र या निर्णयांचा केंद्रबिंदू प्रकल्पग्रस्त आहे, त्याच्याकडून फ्लॅट घेणारा नाही. मूळ गावकऱ्यावरचा अन्याय दूर करण्यासाठी दिलेली सवलत तिसऱ्या हाताने विकत घेणाऱ्याला आपोआप मिळेल, या भरवशावर गावी असलेली आईची जमीन किंवा निवृत्तीचा फंड घालू नये. इथे भाडेकरू आणि खरेदीदार यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोटीस आली तर भाडेकरू महिना-दोन महिन्यांत दुसरी खोली बघेल. त्याचे हाल होतील, पण पुंजी वाचेल. खरेदीदाराचे सगळेच जाईल, आणि राष्ट्रीयीकृत बँक अशा घराला सहसा कर्ज देत नसल्याने बहुधा ते पैसे सोने मोडून, पतपेढीतून किंवा नातलगांकडून उभे केलेले असतील.

म्हणून गावठाणात भाड्याने राहणे मला सन्मानाचा आणि व्यवहार्य मार्ग वाटतो. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत घर विकत घेणे वाटत नाही, मग ते कितीही स्वस्त असो. याला एक सच्चा प्रतिवाद आहे. भाडे भरता भरता आयुष्य जाते, दर अकरा महिन्यांनी ते वाढते, आणि अधिकृत घराची किंमत त्याच्या दुप्पट वेगाने पळते. ज्याला अधिकृत घर कधीच परवडणार नाही, त्याने अनधिकृत का होईना स्वतःचे म्हणावे असे छप्पर घेतले तर त्याला मूर्ख कसे म्हणायचे? मी म्हणत नाही. दिघ्यातल्या रहिवाशांनाही मी तसे म्हणणार नाही. पण जे छप्पर न्यायालयाच्या एका आदेशाने जाऊ शकते त्याला स्वतःचे म्हणणे कठीण आहे, आणि त्यापेक्षा अकरा महिन्यांचा नोंदवलेला करार अधिक भक्कम आहे.

‘नोंदवलेला’ या अटीवर जोर द्यायला हवा. गावठाणात पुष्कळदा स्टँपपेपरवर दोन सह्या घेऊन काम भागवले जाते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. मालक कचरतात त्यालाही कारण आहे. बांधकामाचीच नोंद धड नाही, मग सरकारी दफ्तरात आपणहून कशाला जायचे, असे त्यांना वाटते. जुन्या भाडेकरूंनी मुंबईत घरे बळकावल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही, पण तिचा उपाय नोंदणीतच आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत नोंदलेली असेल तर मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याची सोपी तरतूद त्याच कायद्यात मालकाला मिळते. डिपॉझिट परत मिळण्यासाठी भाडेकरूला आणि घर परत मिळण्यासाठी मालकाला, दोघांनाही हाच कागद लागतो. मुलाचा शाळाप्रवेश, गॅसजोडणी, रेशनकार्डावरचा पत्ता, मतदारयादी, सगळीकडे पुढे तोच उपयोगी पडतो.

मतदारयादीचा मुद्दा इथे सहज आला असला तरी तो महत्त्वाचा आहे. मुंबईहून आलेली पुष्कळ कुटुंबे वर्षानुवर्षे मतदान जुन्याच वॉर्डात ठेवतात. त्यामागे नाते आहे, आणि पागडीच्या खोलीचा पुरावा टिकवण्याचा हेतूही आहे. गावकऱ्यांची तक्रार मात्र अशी, की हे लोक इथले पाणी वापरतात, गटारांवर आणि गल्ल्यांवर त्यांचा ताण पडतो, पण गावच्या प्रश्नाला उभे राहत नाहीत. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे असलेल्या महापालिकेच्या हद्दीत असूनही वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल, तर त्याचा जाब विचारायला मूळ गावकरी आणि भाडोत्री एकत्र यायला हवेत. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि नंतरची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. आता ज्याला इथे राहायचे आहे त्याने इथे नाव नोंदवावे, आणि गावानेही त्याला पाहुणा मानणे थांबवावे.

सगळा भार कुटुंबांच्या शहाणपणावर टाकणे मात्र योग्य नाही. गावठाणांची मोजणी करून प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक देणे, कुटुंबाने राहण्यासाठी बांधलेले घर आणि विक्रीसाठी बांधलेली इमारत यांत लेखी फरक करणे, पहिल्याला कायमचे नियमित करणे आणि दोहोंची बांधकाम-तपासणी करून निकाल इमारतीच्या दारावर लावणे, ही कामे सरकारची, सिडकोची आणि महापालिकेची आहेत. निवडणुकीच्या तोंडावर घोषणा आणि नंतर शांतता, या पद्धतीत सर्वांत जास्त नुकसान प्रामाणिक गावकऱ्याचे होते. त्याच्या पक्क्या घरालाही बाजारात कच्च्या घराचाच भाव मिळतो. काही जण म्हणतील की सरसकट नियमितीकरणाने पुढच्या बेकायदा बांधकामांना उत्तेजन मिळेल. तो आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच सरसकट नको, तपासून हवे. तोवर तळवलीत घर पाहायला आलेल्या कुटुंबाने एजंटकडे पहिला प्रश्न भाड्याचा किंवा किमतीचा न विचारता, इमारत कुणी बांधली आणि बांधणारा आज राहतो कुठे, हा विचारावा.